चांदीचा अपवर्तनांक

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर पदार्थविज्ञानच बोलावे, असे मी ठरवले. विषय घरातलाच आहे. तांब्याचा हंडा, पितळी समई, चांदीची वाटी, बोटातली अंगठी या वस्तू चकाकतात, त्या का?

शाळेच्या पुस्तकात अपवर्तनांकांचा एक तक्ता असतो. पाणी १.३३, साधी काच १.५, हिरा २.४२. त्यात चांदी नसते, सोने नसते, तांबेही नसते. धातूंचा उल्लेख येतो तो आरशांच्या धड्यात. त्यामुळे आपल्या मनात एक वाटणी पक्की होते, की प्रकाश परतवणे हे धातूचे काम आणि प्रकाश वाकवणे हे काचेचे आणि पाण्याचे. ही वाटणी शिकवायला सोयीची आहे, पण खरी नाही. धातूलाही अपवर्तनांक असतो. धातूही प्रकाश आत घेतो, आणि आत घेतो म्हणूनच इतका चांगला परतवू शकतो. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा आणि त्याचे परिणाम.

पहिला पुरावा सोन्याच्या वर्खाचा. सोने ठोकून ठोकून सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे करता येते. एका मिलिमीटरमध्ये असे दहा हजार पापुद्रे मावतील. हा वर्ख दोन काचांमध्ये धरून दिव्यासमोर न्या. दिव्याच्या बाजूने पाहाल तर तो पिवळाधमक दिसतो, आणि पलीकडून दिव्याकडे पाहाल तर हिरवट, किंचित निळसर. पिवळा आणि तांबडा प्रकाश सोन्याने परत पाठवलेला असतो, निळ्या-जांभळ्याचा बराच भाग गिळलेला असतो आणि मधला हिरवा थोडाबहुत पार गेलेला असतो. न्यूटनलाही ही गोष्ट माहीत होती.

मायकेल फॅरडेने ५ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर व्याख्यान दिले. त्यात त्याने हा वर्ख हरतऱ्हेने तपासल्याचे दिसते. काचेवर पसरलेला वर्ख त्याने तापवला, तेव्हा हिरवा रंग नाहीसा झाला. मग गुळगुळीत अकीकाच्या दगडाने त्याच जागी दाब देऊन घासले, तर हिरवा रंग परत आला. सोने तेच, वजन तेवढेच, फक्त मांडणी बदलली आणि प्रकाशाशी असलेले नाते बदलले. त्याच सुमारास त्याने पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार केले. तो द्राव माणकासारखा लाल होता. त्यातल्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. लाल रंग का येतो, याचे पक्के गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले.

फॅरडेनंतर जेम्स क्लार्क मॅक्सवेल. प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लाट आहे, हे त्याचे म्हणणे. ते खरे असेल तर वीजवाहक पदार्थात प्रकाश शिरताच तिथे विद्युतप्रवाह उठले पाहिजेत आणि त्यात लाटेची ऊर्जा खर्ची पडली पाहिजे. सोने उत्तम वाहक, म्हणून सोन्यातून प्रकाश जवळजवळ जाताच कामा नये. मॅक्सवेलने हिशेब केला आणि वर्खातून प्रत्यक्षात जाणारा प्रकाश त्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाला. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ही तफावत स्वच्छ नोंदवून ठेवली. सिद्धांत त्याचा स्वतःचा, आणि त्यातली न जुळणारी गोष्टही त्यानेच छापली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते पान मुद्दाम वाचावे.

१८८८ मध्ये आउगुस्ट कुंड्ट याने याहून धाडसाचे काम केले. त्याने धातूचा लोलक बनवला. काचेचा लोलक जाड चालतो, पण धातूचा लोलक प्रकाश पार जाण्याइतका पातळ हवा आणि तरीही एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता हवा. विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून कुंड्टने अशा पाचरी तयार केल्या. त्यांचा कोन इतका लहान की अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले थोडेसेच भाग. त्यातून गेलेला किरण किती वाकला हे त्याने मोजले. लोखंड, निकेल, प्लॅटिनम आणि बिस्मथ यांच्या लोलकांनी किरण काचेप्रमाणेच जाड बाजूकडे वळवला. चांदी, सोने आणि तांबे यांच्या लोलकांनी तो उलटा, निमुळत्या कडेकडे वळवला.

याचा अर्थ असा की या तीन धातूंचा अपवर्तनांक १ पेक्षा कमी आहे. अपवर्तनांक म्हणजे निर्वातातला प्रकाशाचा वेग भागिले त्या पदार्थातला वेग. तो १ पेक्षा कमी म्हणजे चांदीत प्रकाशलाटेचे शिखर निर्वातातल्या प्रकाशापेक्षा वेगाने पुढे सरकते! पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत आला आणि हा प्रश्न टोचू लागला. झोमरफेल्ड आणि ब्रिल्वाँ यांनी १९१४ मध्ये त्याचा निकाल लावला. लाटेचे शिखर कितीही वेगाने सरको, त्यातून निरोप पोचत नाही. लाटेची आघाडी, म्हणजे नवी खबर घेऊन येणारी पहिली हालचाल, प्रकाशाचा वेग कधीच ओलांडत नाही.

पण शिखर पुढे का सरकते? याचे उत्तर पाउल ड्रूडे याने १९०० साली मांडलेल्या कल्पनेत आहे. धातूतले काही इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले नसतात. एका घनसेंटिमीटर चांदीत असे सुमारे ६ × १०²² मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशलाट आली की तिचे विद्युतक्षेत्र त्यांना ढकलते. पाळण्याची दोरी सावकाश ओढली तर पाळणा हातासोबत येतो, पण घाईघाईने हिसके दिले तर हात इकडे येतो तेव्हा पाळणा तिकडे गेलेला असतो. काचेतला बांधलेला इलेक्ट्रॉन पहिल्या प्रकारे वागतो, धातूतला मोकळा इलेक्ट्रॉन दुसऱ्या. दृश्य प्रकाशाचे क्षेत्र सेकंदाला सुमारे पाचशे लाख कोटी वेळा दिशा बदलते. इलेक्ट्रॉनाला वस्तुमान आहे, तो इतक्या झटपट वळत नाही, म्हणून तो क्षेत्राच्या विरुद्ध डोलतो. डोलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःही लाट सोडतो. धातूच्या आत पुढच्या दिशेने या सगळ्या लाटा मूळ प्रकाशाला मारक ठरतात आणि तो विझत जातो. बाहेरच्या बाजूला त्याच लाटा एकमेकींना जोडल्या जाऊन परत निघतात. आरशात दिसणारा आपला चेहरा म्हणजे या परत आलेल्या लाटा.

मॅक्सवेलचा हिशेब चुकला तोही इथेच. मंद गतीने बदलणाऱ्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन धडका खात प्रवाह वाहून नेतात आणि ऊर्जा खर्ची पडते. प्रकाशाच्या गतीने बदलणाऱ्या क्षेत्रात ते धडकायच्या आत दिशा बदलतात. प्रकाश गिळण्याचे काम त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी होते. उलट बाजूने पाहिले तर अवरक्त प्रकाशाच्या लांब लाटांना मॅक्सवेलचा हिशेब लागू पडायला हवा. १९०३ मध्ये हागेन आणि रुबेन्स यांनी ते मोजून दाखवले. लांब तरंगलांबीला धातू किती प्रकाश परतवेल, हे त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता कळली की सांगता येते. विजेची तार आणि आरसा हे एकाच गुणाचे दोन उपयोग आहेत.

आता थोडे आकडे. धातूचा अपवर्तनांक एका संख्येने सांगून भागत नाही, दोन लागतात. पहिली संख्या लाट किती वेगाने सरकते ते सांगते, दुसरी ती किती लवकर विझते ते. पिवळ्या प्रकाशासाठी चांदीची पहिली संख्या ०.१ च्या आसपास आणि दुसरी ४ च्या आसपास आहे. दोन्ही संख्या परावर्तनाच्या सूत्रात घातल्या की उत्तर ९५ टक्क्यांच्या वर येते. काचेची पहिली संख्या १.५ आणि दुसरी शून्य, म्हणून काच जेमतेम ४ टक्के परतवते. लोखंडाच्या दोन्ही संख्या ३ च्या जवळपास आहेत, म्हणून घासूनपुसून लख्ख केलेले लोखंड निम्म्याहून थोडासाच अधिक प्रकाश परतवते आणि चांदीशेजारी करडे दिसते. चांदीत प्रकाश किती खोल जातो? सुमारे १३ नॅनोमीटरमध्ये त्याची तीव्रता जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. म्हणजे अणूंचे पन्नासेक थर. आपण जिला पृष्ठभागाची चमक म्हणतो, ती या पन्नास थरांची कामगिरी असते.

सगळे मोकळे इलेक्ट्रॉन सारखेच, तर मग तांबे तांबडे आणि सोने पिवळे का? कारण बांधलेले इलेक्ट्रॉनही धातूत असतात आणि पुरेशी ऊर्जा मिळाली की ते वरच्या पातळीत उडी घेतात. त्या ऊर्जेचा प्रकाश गिळला जातो. तांब्यात ही उडी पिवळ्या-नारिंगी प्रकाशाच्या सीमेवर सुरू होते. तिथून हिरव्या-निळ्याकडचे बरेचसे शोषले जाते, तांबडे परत येते. सोन्यात ती सुमारे ५०० नॅनोमीटरपाशी सुरू होते, म्हणून निळे तेवढे जाते. चांदीत ती अतिनील भागात सुरू होते. आपल्या डोळ्याला दिसणारे सगळे रंग चांदी सारखेच परतवते, म्हणून ती पांढरी. तांब्यात जस्त मिसळले की उडीची सीमा निळ्याकडे सरकते. पितळेचा पिवळा रंग असा येतो.

सोन्याची गोष्ट आणखी पुढची आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन आहेत. त्यांच्या ओढीने सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. अशा वेगात सापेक्षतेचे नियम दुर्लक्षून चालत नाही. काही कक्षा आक्रसतात, काही सैलावतात आणि उडीसाठी लागणारी ऊर्जा कमी होते. हा परिणाम नसता तर उडी चांदीप्रमाणे अतिनीलात गेली असती आणि सोने चांदीसारखे पांढरे दिसले असते. गुढीपाडव्याला सराफकट्ट्यावर ज्या पिवळ्या रंगासाठी गर्दी होते, त्यात आइन्स्टाइनचाही वाटा आहे.

घरी गेल्यावर एक गोष्ट जवळून बघा. चिंच-मीठ लावून उजळलेला तांब्याचा हंडा खिडकीपाशी ठेवा. बाहेरून तो गुलाबीसर तांबडा दिसेल. आता आत डोकवा. तळाशी रंग गडद, जवळपास शेंदरी दिसेल. धातू तोच आहे, पण आतला प्रकाश भिंतींवरून तीन-चारदा परतून डोळ्यात येतो आणि प्रत्येक खेपेला निळ्या-हिरव्याचा आणखी थोडा भाग गळतो. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेले मठारकामाचे भांडे असेल तर त्याच्या प्रत्येक ठोक्याची खूण हा स्वतंत्र लहानसा आरसा असतो आणि भांडे फिरवले की एकेक खूण उजळत जाते. शेजारी प्लॅस्टिकचा लाल मग ठेवा. त्यावरचा चमकणारा ठिपका पांढरा असेल, तांब्यावरचा ठिपका तांबडा. प्लॅस्टिकचा रंग आतून विखुरलेल्या प्रकाशाचा, धातूचा रंग परावर्तनाचाच. डोळ्याला धातू ओळखू येतो तो बराचसा याच फरकाने.

चमक परतण्यावर आहे, तशी ती शिस्तीवरही आहे. चांदीचे बारीक कण कसेही विखुरले की प्रकाश त्यांच्यात अडकून संपतो. जुन्या कृष्णधवल फोटोतला काळा रंग हा चांदीचाच असतो.

आता धातूच्या बाहेर येऊ. मोकळ्या इलेक्ट्रॉनांची जेवढी दाटी, तेवढ्या वरच्या वारंवारितेपर्यंत परावर्तन होते, त्यापलीकडे लाट आरपार जाते. हा नियम फक्त धातूचा नाही. आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातही मोकळे इलेक्ट्रॉन असतात, घनसेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. चांदीच्या मानाने ही दाटी नगण्य, म्हणून तिथली मर्यादाही खाली, १० मेगाहर्ट्झच्या आसपास. तिरप्या गेलेल्या लाटेला ती त्याहून बरीच वर सरकते. कोलंबोहून निघालेली रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला दीड हजार किलोमीटर दूर पुण्यात ऐकू येत असे, ती या परावर्तनामुळे. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लाटा मात्र आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. धातूंचेही तसेच. आर. डब्ल्यू. वुड याने १९३३ मध्ये दाखवले की सोडियमसारखे अल्कधर्मी धातू अतिनील प्रकाशाला पारदर्शक असतात. डोळ्याला आरसा, अतिनीलाला खिडकी!

या सगळ्याचा सर्वांत मोठा व्यवहार दुर्बिणींच्या आरशांत झाला. न्यूटनपासून हर्षेलपर्यंतचे आरसे तांबे आणि कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूचे होते. नवा आरसा सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश परतवी. दोन आरशांवरून येईपर्यंत निम्म्याहून अधिक प्रकाश गेलेला असे. शिवाय तो काळवंडे. मोठ्या दुर्बिणीसाठी हर्षेलने दोन आरसे केले होते, म्हणजे एक घासायला काढला तरी दुसरा कामावर. १८५६-५७ च्या सुमारास स्टाइनहाइल आणि फूको यांनी काचेवर रासायनिक पद्धतीने चांदी चढवली आणि धातूचे जड आरसे मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवाला यांच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत २० इंची परावर्ती दुर्बीण होती. नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची साधने कोडाईकनालला गेली.

चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. १९३० च्या दशकात जॉन स्ट्राँग याने निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ करून आरशावर थर चढवण्याची रीत वापरात आणली. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा थोडा कमी प्रकाश परतवतो, पण त्याच्यावर आपोआप चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा पारदर्शक असतो आणि तोच त्याला राखतो. जुन्नरकडच्या गिरवली येथे आयुका या पुण्याच्या खगोलविज्ञान संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तेवढ्या आरशावर १०० नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा थर द्यायचा तर धातू किती लागेल? हिशेब करा, एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी उड्डाण केलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशांवर सोने आहे, कारण तिचे काम अवरक्त प्रकाशात आणि तिथे सोने अव्वल. साडेसहा मीटरच्या त्या आरशाला लागलेले सगळे सोने पन्नास ग्रॅमहून कमी आहे.

नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, तुम्ही पाहिली असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी. जाळीतून पलीकडचे आकाश दिसते, वारा आरपार जातो. पण तिने टिपायच्या लाटा २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब आहेत, आणि जाळीची छिद्रे १ ते २ सेंटिमीटरची. एवढ्या लाटेला ते छिद्र दिसतच नाही. तिच्या लेखी तो सलग आरसा आहे. पत्र्याऐवजी जाळी वापरल्याने वजन घटले, वाऱ्याचा भार घटला आणि खर्चही.

क्ष-किरणांत पुन्हा कुंड्टचा अनुभव येतो. या किरणांना बहुतेक सर्व पदार्थांचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे सरळ आलेला क्ष-किरण आरशात घुसतो, पण अंशभराहून कमी कोनात, पृष्ठभागाला जवळजवळ घासत आला तर पूर्ण परततो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेली क्ष-किरण दुर्बीण आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या नळ्या एकात एक बसवून तिचा आरसा केला आहे.

एक शेवटचा मुद्दा ध्रुवीकरणाचा. काचेवरून सुमारे ५६ अंशांनी परतणारा प्रकाश पूर्णपणे ध्रुवित होतो, म्हणजे त्याचे कंपन एकाच दिशेत होते. म्हणून छायाचित्रकार पोलरायझर फिरवून दुकानाच्या काचेवरची झळक घालवू शकतात. स्टीलच्या ताटावरची झळक ते तशी घालवू शकत नाहीत, कारण धातू कुठल्याच कोनात प्रकाशाला पूर्ण ध्रुवित करत नाही. धातू ध्रुवणात किती आणि कसा फरक पाडतो हे ड्रूडेने मोजायला घेतले, आणि त्या मोजणीतून निघालेल्या पद्धतीने आज संगणकाच्या चिपवरील नॅनोमीटरभर थरांची जाडी मोजतात. ध्रुवित प्रकाश धातूवरून परतताना विस्कटत नाही. ध्रुवित प्रकाशावर चालणाऱ्या थ्रीडी सिनेमाला धातूचा मुलामा दिलेला पडदा लागतो तो यासाठी.

सभागृहात शिक्षक बरेच आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर आरशाचे किरणचित्र काढण्याआधी मुलांच्या हातात काही द्या. सोन्याच्या वर्खाचे एक पान, काचेच्या दोन पट्ट्या आणि एक विजेरी एवढे पुरते, आणि पान जपून ठेवले तर वर्षानुवर्षे चालते. सोन्यातून आलेला हिरवा उजेड मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिला की धातू अपारदर्शक असतो हे वाक्य ते नुसते पाठ करणार नाही, 'किती जाडीला?' असे विचारील. तो प्रश्न वर्गात ऐकू आला की तास सार्थकी लागला असे समजा.